विश्लेषण : झिप फाइल उघडणे इतके जोखमीचे का? एक त्रुटी बुजवायला १८ वर्षे का लागली?

पायथन या संगणक भाषेची ३.१४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तिच्यातील नव्या सोयींची चर्चा झाली, पण एका छोट्या बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ‘टार’ प्रकारची गठ्ठा-फाइल उघडताना तिच्यातील संशयास्पद नोंदी यापुढे आपोआप नाकारल्या जातील, असा हा बदल. ज्या त्रुटीवर तो उपाय आहे, ती ऑगस्ट २००७ मध्येच नोंदवली गेली होती. दरम्यान जुलै २०२५ मध्ये विनरार या लोकप्रिय प्रोग्राममध्ये त्याच जातीची त्रुटी सापडली आणि हल्लेखोर ती आधीपासून वापरत असल्याचे उघड झाले. दररोज कोट्यवधी वेळा होणारी ही साधी क्रिया धोकादायक का ठरते आणि दोष नेमका कुणाचा, याचा हा वेध.

आर्काइव्ह फाइल म्हणजे काय?

अनेक फाइल एकत्र बांधून केलेला एकच गठ्ठा म्हणजे आर्काइव्ह. यातला ‘टार’ हा प्रकार युनिक्स प्रणालीतला. त्याचे नाव ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून आले, कारण चुंबकीय फितीवर फाइलींचा साठा उतरवून ठेवण्यासाठी तो बनवला गेला. टार केवळ गठ्ठा बांधतो. त्याचा आकार कमी करण्याचे काम जीझिप किंवा एक्सझेड यांसारखे वेगळे प्रोग्राम करतात. अमेरिकी प्रोग्रामर फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेला ‘झिप’ मात्र दोन्ही कामे करतो. त्यात प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आकुंचित होते आणि सर्व फाइलींची अनुक्रमणिका गठ्ठ्याच्या शेवटी असते. त्यामुळे हजार फाइलींच्या झिपमधून हवी तेवढी एकच फाइल चटकन काढता येते.

झिपशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. वर्डची ‘डॉक्स’ फाइल, एक्सेलचा नवा तक्ता, ई-पब पुस्तक आणि अँड्रॉइड ॲपची ‘एपीके’ फाइल ही सारी आतून झिपच असतात. डॉक्स फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले, तर ती गठ्ठ्यासारखी उघडते आणि आतले मजकूर, चित्रे वेगवेगळी दिसतात. आधारची ‘ऑफलाइन ई-केवायसी’ फाइलही झिप स्वरूपातच, शेअर कोडच्या कुलपात मिळते.

यात लायब्ररीची भूमिका काय?

झिप लिहिणे-वाचणे हे काम प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने करायचे म्हटले तर महिने जातील आणि चुकाही होतील. म्हणून एकदा लिहून, तपासून ठेवलेला तयार कोड सगळे वापरतात. तीच लायब्ररी. जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांची ‘झेडलिब’ ही १९९५ मध्ये आलेली लायब्ररी याचे ठळक उदाहरण. मजकुरात पुन्हा येणारा भाग दुसऱ्यांदा न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतकी अक्षरे घ्या’ एवढीच खूण ठेवायची आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत द्यायचे, ही तिची पद्धत. आज ब्राउझरपासून मोबाइलपर्यंत जवळपास सगळीकडे ती काम करते.

अशा लायब्रऱ्यांवर भाषांनी आपापल्या सोयी बांधल्या. पायथनमध्ये ‘झिपफाइल’ आणि ‘टारफाइल’ हे भाग भाषेसोबतच येतात. जावामध्येही झिपसाठी अंगभूत सोय आहे. परिणामी एखादा गठ्ठा उघडून त्यातले सर्व काही एका फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी दोन-तीन ओळी पुरतात. याच दोन-तीन ओळींत सगळी गोम आहे.

धोका नेमका कुठे दडतो?

गठ्ठ्यातील प्रत्येक फाइलसोबत तिचे नाव नोंदवलेले असते आणि त्या नावात फोल्डरचा रस्ताही असू शकतो. ‘अहवाल/पहिले पान’ असे नाव दिसले, की लायब्ररी ‘अहवाल’ फोल्डर तयार करून त्यात ती फाइल ठेवते. पण संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि तिरकी रेघ, म्हणजे ‘../’, याचा अर्थ ‘एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जा’ असा होतो. गठ्ठा बांधणाऱ्याने फाइलचे नावच ‘../../’ असे सुरू केले आणि लायब्ररीने ते निमूटपणे फोल्डरच्या पत्त्याला जोडले, तर फाइल ठरलेल्या जागेबाहेर जाऊन पडते.

घर बदलताना हमालाला ‘खोक्यावर लिहिलेय तिथे खोके ठेव’ असे सांगावे आणि कुणीतरी खोक्यावर शेजाऱ्याच्या घराचा पत्ता लिहून ठेवावा, तसा हा प्रकार. अशी भरकटलेली फाइल सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्या फाइलवर जाऊन बसू शकते किंवा संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये शिरू शकते. मग गठ्ठ्यातला मजकूर केवळ मजकूर राहत नाही. तो हल्लेखोराचा हुकूम होतो.

याची आणखी एक चलाख आवृत्ती आहे. टारमध्ये ‘लिंक’ही ठेवता येतात. लिंक म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी पाटी. गठ्ठ्यातील पहिली नोंद ‘फोटो’ नावाची लिंक असते आणि ती बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. दुसरी नोंद असते ‘फोटो/अमुक फाइल’. नावात टिंबे नाहीत, काहीच खटकत नाही. पण फाइल लिंकमधून थेट बाहेर जाते. म्हणजे केवळ नाव तपासणे पुरेसे नसते.

‘झिप स्लिप’ प्रकरण काय होते?

ही युक्ती जुनी आहे. तरीही जून २०१८ मध्ये स्निक या सुरक्षा कंपनीने ‘झिप स्लिप’ या नावाने तिचा तपशील प्रसिद्ध केला, तेव्हा हजारो प्रकल्प तिला बळी पडू शकतात असे दिसले. त्यांत एचपी, ॲमेझॉन, अपाची, पिव्होटल अशा नावाजलेल्या संस्थांचे प्रकल्पही होते.

विशेषतः जावामध्ये हे प्रमाण जास्त होते आणि त्याचे कारण बोलके आहे. जावाची अंगभूत सोय गठ्ठ्यातील नोंदी एकेक करून हातात देते. ‘सगळे सुरक्षितपणे उघडून ठेव’ अशी एकच आज्ञा तिच्यात नव्हती. त्यामुळे उरलेल्या ओळी प्रत्येकाने स्वतः लिहिल्या किंवा प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवरून उचलल्या. त्या नमुन्यांतच नाव तपासण्याची ओळ नव्हती. एकाची चूक अशी हजारोंच्या कोडमध्ये उतरली. उचललेला कोड चालत होता, चाचण्या पास होत होत्या, कारण चाचणीसाठी वापरलेल्या गठ्ठ्यात कुणी ‘../’ ठेवत नाही.

पायथनमधील त्रुटी १८ वर्षे का टिकली?

पायथनच्या ‘टारफाइल’मध्ये हाच दोष असल्याची नोंद २००७ मध्ये ‘सीव्हीई-२००७-४५५९’ या क्रमांकाने झाली. तेव्हाची भूमिका अशी होती, की लायब्ररी टारच्या प्रचलित संकेतांप्रमाणेच वागते, त्यामुळे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. उपाय म्हणून माहितीपुस्तिकेत इशारा छापला गेला : अविश्वासू ठिकाणाहून आलेला गठ्ठा आधी तपासल्याशिवाय उघडू नका.

ही भूमिका पूर्णपणे चुकीची होती असे नाही. टार मुळात संपूर्ण यंत्रणेचा साठा करून ती जशीच्या तशी परत उभी करण्यासाठी आहे. त्यासाठी पूर्ण पत्ते, लिंक, फाइलचा मालक कोण, हे सारे हुबेहूब उतरवावेच लागते. अचानक निर्बंध घातले असते, तर प्रामाणिकपणे चालणारे असंख्य प्रोग्राम बंद पडले असते. जुने मोडू नये ही लायब्ररी सांभाळणाऱ्यांची मोठी जबाबदारी असते.

पण इशारा किती जणांनी वाचला, याचे उत्तर १५ वर्षांनी मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रेलिक्स या कंपनीच्या संशोधकांना ही त्रुटी पुन्हा ‘सापडली’. सुरुवातीला त्यांना ती नवीच वाटली होती. साडेतीन लाखांहून अधिक मुक्त-स्रोत प्रकल्प तिच्या छायेत असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. पुढे या कंपनीने ६१ हजारांहून अधिक प्रकल्पांसाठी दुरुस्तीचे प्रस्ताव तयार करून पाठवले. एका लायब्ररीत न केलेला बदल हजारो ठिकाणी करत हिंडावे लागले, असा याचा अर्थ.

त्यानंतर पायथनने ‘पेप ७०६’ या प्रस्तावाद्वारे मार्ग काढला. गठ्ठा उघडताना गाळणी लावण्याची सोय देण्यात आली. ‘डेटा’ नावाची गाळणी फोल्डरबाहेर जाणाऱ्या फाइली, बाहेर बोट दाखवणाऱ्या लिंक आणि यंत्रणेतील उपकरणांच्या विशेष फाइली नाकारते. ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ आवृत्तीत गाळणी न निवडणाऱ्याला सूचना दिसू लागली आणि ३.१४ मध्ये हीच गाळणी आपोआप लागू झाली. ज्याला जुने वर्तन खरोखर हवे, त्याने आता तसे स्पष्ट लिहायचे. पूर्वी सुरक्षितता मागावी लागत होती, आता जोखीम मागावी लागते. बदल एवढाच, पण तो दिशा उलटी करणारा आहे.

हेही नोंदवायला हवे, की जून २०२५ मध्ये या गाळणीलाही चकवता येते असे आढळले आणि तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. गाळणी हा शेवटचा शब्द नाही. मात्र ही दुरुस्ती एकाच ठिकाणी करून भागली.

विनरारमध्ये काय घडले?

विनरारची दोन प्रकरणे लायब्ररीवरील अवलंबन दाखवतात. पहिले फेब्रुवारी २०१९ चे. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांना ‘एस’ या जवळपास विस्मृतीत गेलेल्या स्वरूपाचे गठ्ठे उघडणाऱ्या घटकात त्रुटी सापडली. तो घटक बाहेरून घेतलेला होता, २००५ पासून अद्ययावत झाला नव्हता आणि त्याचा मूळ कोड विनरारकडे नव्हताच. दुरुस्ती करणेच शक्य नसल्याने कंपनीने एस स्वरूपाला रजा दिली.

दुसरे जुलै २०२५ चे. ईसेट या कंपनीने शोधलेली ही त्रुटी ‘सीव्हीई-२०२५-८०८८’ म्हणून ओळखली जाते. रशियाच्या बाजूचा मानला जाणारा ‘रॉमकॉम’ हा गट युरोप आणि कॅनडातील वित्त, उत्पादन, संरक्षण व मालवाहतूक कंपन्यांना नोकरीच्या अर्जाच्या रूपात गठ्ठे पाठवत होता. उघडणाऱ्याला बायोडेटाची एकच फाइल दिसे. विंडोजमध्ये फाइलला जोडून ठेवता येणाऱ्या छुप्या प्रवाहांत बाकीचा ऐवज होता आणि त्यांच्या नावांत वर जाणारे रस्ते लिहिलेले होते. त्यातून विंडोज सुरू होताच चालणाऱ्या फोल्डरमध्ये शॉर्टकट जाऊन बसे. ईसेटच्या नोंदींनुसार लक्ष्य केलेल्यांपैकी कुणाचीही यंत्रणा प्रत्यक्षात बाधित झाली नाही.

३० जुलै २०२५ रोजी ७.१३ ही दुरुस्त आवृत्ती आली. पण दोन अडचणी उरतात. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. वापरकर्त्याने नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते. शिवाय रार गठ्ठे उघडण्याची त्याची विंडोजवरील लायब्ररी इतर प्रोग्रामही वापरतात आणि त्रुटी तिच्यातही होती. आपल्या संगणकावर विनरार नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

‘झिप बॉम्ब’ हा प्रकार काय आहे?

येथे फाइल बाहेर जात नाही, ती आतच फुगते. ‘४२ झिप’ नावाची प्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ किलोबाइटची आहे. पण तिच्या आतले गठ्ठे एकामागून एक उघडत गेल्यास सुमारे साडेचार पेटाबाइट इतका पसारा होतो. आत गठ्ठ्यांचे अनेक थर असल्याने थर मोजून ती ओळखता येते. २०१९ मध्ये डेव्हिड फिफिल्ड या संशोधकाने त्यापुढचे पाऊल टाकले. अनुक्रमणिकेतील अनेक नोंदींनी एकाच माहितीकडे बोट दाखवायचे, अशी रचना करून त्यांनी एकाच थरात दहा मेगाबाइटमधून २८१ टेराबाइट बाहेर काढता येतात हे दाखवले.

कागदपत्रे झिप करून अपलोड करा असे सांगणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला हा धोका लागू होतो. बाहेरून दिसणारा आकार तपासून उपयोग नाही आणि गठ्ठ्याने आतल्या फाइलींचा म्हणून सांगितलेला आकारही खोटा असू शकतो. उघडताना प्रत्यक्ष किती बाइट बाहेर पडल्या हे मोजत राहणे आणि मर्यादा ओलांडताच थांबणे, हाच खात्रीचा उपाय.

लायब्ररीच फितूर झाली तर?

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणाने हा प्रश्न विचारायला लावला. लिनक्समध्ये सर्वत्र वापरली जाणारी ही आकुंचनाची लायब्ररी फिनलंडचे लासे कॉलिन बिनपगारी, छंद म्हणून सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून उपयुक्त कोड देत विश्वास मिळवला. इतर काही नावांनी ‘काम संथ चालले आहे’ असा तगादा लावला. मानसिक स्वास्थ्याच्या अडचणींमुळे आपल्याला मर्यादा आहेत, हे कॉलिन यांनी सांगूनही तो थांबला नाही. अखेर जिया टॅनच्या हाती नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार आले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. दूरवरून सर्व्हरचा ताबा देण्याची क्षमता त्यात होती.

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्याचा माग काढत ते या चोरदरवाजापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी तो जाहीर केला. तोवर या आवृत्त्या काही लिनक्स वितरणांच्या चाचणी शाखांतच पोहोचल्या होत्या. लक्षात घेण्याजोगा तपशील असा, की तो दरवाजा सक्रिय करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हती. प्रसिद्ध केलेल्या टार गठ्ठ्यात तेवढी ती घातलेली होती. गठ्ठा आणि भांडार एकच आहे का, हे कुणी ताडून पाहत नव्हते.

आर्काइव्ह तयार करताना काय पाहावे?

तयार करताना धोका कमी, पण चुका नेहमीच्या. गठ्ठ्यात आपल्या संगणकाचा पूर्ण पत्ता जाऊ देऊ नये. त्यातून वापरकर्त्याचे नाव, फोल्डरची रचना उघड होते. पासवर्डची झिप आतला मजकूर झाकते, पण फाइलींची नावे साधारणतः उघडीच राहतात. त्यामुळे रुग्णाचे किंवा ग्राहकाचे नाव फाइलला देऊन ती कुलूपबंद केली, तरी नाव कुणालाही वाचता येते.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक बाब. झिपचे मूळ स्वरूप इंग्रजी-युरोपीय अक्षरांसाठी होते. नावे युनिकोडमध्ये आहेत हे सांगणारी खूण २००६ मध्ये आली. ती न लावणाऱ्या प्रोग्रामने बांधलेला गठ्ठा दुसरीकडे उघडला, की ‘सातबारा उतारा’ऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. पायथनची झिपफाइल लायब्ररी देवनागरी नाव असल्यास ही खूण आपोआप लावते. सुरक्षिततेप्रमाणे येथेही योग्य ते आपोआप होणे, हेच खरे उत्तर ठरले.

मग करायचे काय?

सामान्य वापरकर्त्याने विनरार असेल तर ७.१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे ना, हे आजच पाहावे. अनपेक्षित बायोडेटा, बिल किंवा नोटीस गठ्ठ्यात आली, तर पाठवणाऱ्याकडे दुसऱ्या मार्गाने खात्री करावी.

प्रोग्रामरसाठी यादी थोडी मोठी आहे. भाषेची आवृत्ती जुनी असेल, तर टार उघडताना ‘डेटा’ गाळणी स्वतःहून मागावी. पायथनची झिपफाइल लायब्ररी नावांतील ‘../’ स्वतः काढून टाकते. इतर ठिकाणी मात्र अंतिम पत्ता पूर्ण सोडवून तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे का, हे तपासावे. ते करताना ‘डेटा’ आणि ‘डेटा-जुना’ ही दोन फोल्डरे सुरुवातीची अक्षरे सारखी म्हणून एकच समजली जाऊ नयेत, याची काळजी घ्यावी. गठ्ठा नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये आणि कमी अधिकारांच्या खात्यातून उघडावा. एकूण आकार आणि फाइलींची संख्या यांना मर्यादा घालावी. चाचणीसाठी एखादा मुद्दाम बिघडवलेला गठ्ठाही ठेवावा.

मात्र सगळा भार वापरणाऱ्यावर टाकून चालत नाही, हाच या अठरा वर्षांचा धडा आहे. इशारा पुस्तिकेत छापला होता, तो बरोबरही होता आणि तरीही लाखो प्रकल्प उघडे राहिले. लायब्ररी वापरणारा ती वापरतो, ते तिच्या आतले सर्व काही माहीत करून घ्यावे लागू नये म्हणूनच. कठडा असलेल्या विहिरीला पाटी नसली तरी चालते. नुसती पाटी लावून कठड्याचे काम होत नाही.